समक्ष पाहणी

“डब्यात काय हाय?”

उत्तर सोपं होतं, पण समोरच्या सात-आठ माणसांना पटण्यासारखं नव्हतं. स्टीलचा कडीचा छोटा डबा. आत एक वही, पेन्सिल, चार गोट्या आणि दहा रुपयांचं नाणं. गेवराईपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावच्या शिवारात, पडक्या बारवेच्या दुसऱ्या पायरीशी मी गुडघ्यावर बसलो होतो. दिवेलागण झालेली. एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसरा हात दगडांच्या सांदीत कोपरापर्यंत. मी उभा राहून सांगायला लागलो, की हा खेळ आहे, जगभर खेळतात, उपग्रहावरून जागा कळते. ‘उपग्रह’ ऐकल्यावर एकजण दुसऱ्याला म्हणाला, “मशीन बी हाय त्याच्याकडं.”

झालं. जुनी बारव, कातरवेळ, अनोळखी माणूस आणि मशीन. आमच्या भागात या चारांची बेरीज एकच होते : गुप्तधन.

त्या माणसांचं काही चुकलं नाही. गुप्तधनाच्या नादात गढ्या, देवळं, बारवा उकरणारे आमच्याकडे नवे नाहीत. त्यापायी होणारे अघोरी प्रकार २०१३च्या कायद्याने गुन्हा ठरले, ते काही उगाच नाही. जमिनीतल्या ठेव्याचा कायदा तर १८७८चा : दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर कलेक्टरला कळवायचं. माझं नाणं बरोबर दहाचं होतं. गोट्यांची किंमत धरली असती तर पंचाईतच होती. हा विनोद मला सुचला पुढे तीन वर्षांनी. त्या संध्याकाळी तोंडाला कोरड पडली होती. घरी फोन करायचं धाडस झालं नाही. लावला तो आबांना.

आबा माझे नात्याने कोणी नव्हते. आमच्या गल्लीत राहायचे आणि मोजणी खात्यात साखळी धरायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत निशाणकाठी धरायला मला बरोबर न्यायचे. चार उन्हाळे गेलो. मजुरी म्हणजे त्यांच्या फडक्यातली अर्धी भाकर आणि ठेचा. साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, हे गणित माझ्या डोक्याआधी पायांना कळलं. आबांचे वडील निजामाच्या अमलात याच कामावर होते. ते साखळीला जरीब म्हणत आणि मोजणीला पैमाइश. आबा रागावले की तेच शब्द त्यांच्या तोंडी यायचे.

हद्दीचा दगड शोधणं हा उद्योग मी तेव्हा पाहिला. तो कधी बाभळीच्या मुळांत गुरफटलेला, कधी गाळाखाली हातभर, तर कधी शेंदूर लागून म्हसोबा झालेला. “ह्यो बरा,” आबा म्हणायचे, “ह्याला कुणी हलवत न्हाई.” बांध कोरत कोरत शेजाऱ्याच्या रानात वीतभर सरकणारा माणूस नकाशाला भीत नाही, देवाला भितो. कागदावरची खूण जमिनीवर सापडली की मी उड्या मारायचो. आबा ओळंब्याची दोरी गुंडाळत राहायचे.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट ठरलेली. रानात पाय ठेवण्यापूर्वी ते बांधावर थांबून मालकाला हाक मारायचे. काम सरकारी, नोटीस बजावलेली, तारीख ठरलेली, तरीही. मालक विहिरीवर असला तर अर्धा-अर्धा तास बाभळीखाली बसायचं. मला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटायचा.

पुढे पुण्यात नोकरी लागली आणि एका सहकाऱ्याने या खेळाचा नाद लावला. जिओकॅशिंग. त्याचा जन्म तारखेनिशी सांगता येतो. जीपीएसच्या संकेतांत अमेरिकेने सामान्यांसाठी मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. तोवर साध्या माणसाच्या हातातलं यंत्र शंभरेक मीटर इकडे-तिकडे दाखवायचं. ते एका रात्रीत थेट झाडापर्यंत नेऊन सोडू लागलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या माणसाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली अर्धवट पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आत पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल, शिजवलेल्या घेवड्याचा डबा. आज जगभर असे ३० लाखांहून जास्त डबे आहेत. डबा सापडला की वहीत सही-तारीख करायची, एखादी वस्तू घेतली तर तोडीची दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा लपवायचा.

गंमत अशी, की आजच्या नियमांपुढे ती पहिली बादली टिकली नसती. जमीन खणायची नाही. खायचं ठेवायचं नाही, कारण वासाने जनावरं येतात. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं. डब्याची देखभाल करायला ठेवणारा जवळपास हवा. आणि जागेच्या मालकाची परवानगी हवी. हे नियम शहाणपणातून थोडे आणि फजित्यांतून जास्त आले आहेत. बेवारस डबा दिसला म्हणून परदेशात बॉम्बशोधक पथकं धावून गेलेली आहेत. खेळणाऱ्यांमधले निम्मे वाद याच दोन गोष्टींवरून होतात : जागा कुणाची, आणि ठेवणारा निघून गेल्यावर डब्याचं पुढे कोण बघणार.

डबा नोंदवताना परवानगी घेतली आहे, असं मी कबूल करून टाकलं होतं. कुणाची घेतली होती? बारव पडीक, म्हणजे कुणाचीच नाही, असं धरून चाललो. मोजणीवाल्याच्या हाताखाली चार उन्हाळे काढून! गावात कुणाचीच नाही अशी जागा नसते. गायरानसुद्धा गावाचं असतं. देखभालीचं म्हणाल तर मी पुण्यात, डबा गेवराईकडे, आणि माझी खेप दिवाळीला. या खेळात न खेळणाऱ्यांना ‘मगल’ म्हणतात. हॅरी पॉटरमधून उचललेला शब्द, जादू न येणाऱ्या माणसांसाठीचा. त्यांच्या नजरेपासून डबा लपवायचा, ही खरी मजा. मलाही तो शब्द आवडायचा. पण त्या बारवेवर जागेची काडीचीही माहिती नसलेला माणूस मी एकटाच होतो.

आबा आले ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. वय ऐंशीच्या घरात. उतरले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“जागा कुणाची?”

एक म्हातारा पुढे झाला. आबा महानुभाव पंथाचे. हात जोडून वाकले, “दंडवत परनाम.” मग दोघं वरच्या पायरीवर टेकले. गट नंबर निघाला, जुनी मोजणी निघाली, जायकवाडीचा उजवा कालवा आला तेव्हा कुणाचं किती रान गेलं ते निघालं. पंधरा-वीस मिनिटं माझा विषयच नाही. मी चांगल्या घरचा, शिकलेला, असलं एक अक्षर आबांनी काढलं नाही. शेवटी म्हणाले, “पोरगं मपलं हाय. चुकलंय.” मग मला, “माफी माग मालकाची.”

मागितली, पण मनापासून नाही. परतताना म्हणालो, “आबा, मी पुरलं काहीच नव्हतं.” ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन पांचाळेश्वरला गेले. आमच्याच तालुक्यात, गोदाकाठी. महानुभावांचं हे आत्मतीर्थ. दत्तात्रेयप्रभूंचं रोजचं भोजन इथे होतं, अशी श्रद्धा. तिथे बसून त्यांनी मला स्थानपोथीबद्दल सांगितलं. चक्रधरस्वामी जिथे जिथे बसले, निजले, जेवले, त्या जागांची दिशांसकट नोंद ठेवणारा हा चौदाव्या शतकातला ग्रंथ. देवळाचं तोंड कुणीकडे, जागा त्याच्या कोणत्या अंगाला, अशा खुणांवरून माणसं आजही त्या स्थानांना नमस्कार करायला जातात. अक्षांश-रेखांश नाहीत, उपग्रह नाहीत. मला चेव चढला. म्हणालो, “म्हणजे हा खेळ आपलाच की, सहाशे वर्षांपूर्वीचा!”

“आमी वटा बांधतो,” आबा म्हणाले, “उघड्यावर. दिवा लावणारा त्याच गावचा असतो. तू झाकून ठिवतो अन् पुण्याला जातो.”

डबा पुन्हा ठेवला, पण बारवेत नाही. म्हाताऱ्याच्या खळ्याशेजारच्या लिंबाच्या ढोलीत, त्याच्या ओसरीवरून दिसेल असा. खेळ म्हणून ही लपवणूक अगदीच फालतू. कुणी विचारलं तर म्हातारा बसल्या जागेवरून हात करून दाखवायचा.

आबांना एकच प्रकार मनापासून आवडला. पृथ्वीवरच्या पूर्ण अंशांच्या रेघा जिथे छेदतात तिथे जाऊन फोटो काढायचा, असा एक उपक्रम अलेक्स जॅरेट या अमेरिकन माणसाने १९९६ मध्ये सुरू केला. त्यातला एक छेद आमच्या जिल्ह्यात पडतो : १९ उत्तर, ७६ पूर्व. बीडच्या पूर्वेला पंचवीसेक किलोमीटर, वडवणीच्या बाजूला. तिथे डबा नाही, वही नाही, ओटाही नाही. “बिनदगडाची हद्द,” असं म्हणून आबा हसले आणि स्वतःहून निघाले. आम्ही जवळ पोचलो तर पऱ्हाटी उभी, बोंडं फुटलेली, मालकाचा पत्ता नाही. यंत्र ७५ अंश ५९.९२ मिनिटं दाखवत होतं. राहिलेलं अंतर दीडशे मीटरच्या आत. आबांनी बांधावरून दोनदा हाक मारली आणि बाभळ शोधली. भाकरीचं फडकं मीच सोडलं. मालक आला नाही. आम्ही परत फिरलो. तो फोटो अजून काढायचा राहिला आहे.

पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. मोजणीला आता रोव्हर आला आहे, तोही उपग्रहावरच चालतो. साखळी कुठे गेली कोण जाणे. ओळंबा मात्र त्यांच्या मुलाने माझ्या हातात ठेवला.

त्या दिवाळीत म्हाताऱ्याचा फोन आला : डब्यात मुंग्या झाल्यात, येऊन बघा. गेलो. डबा त्याने घरात आणून पुसून ठेवला होता. वहीत इतक्या वर्षांत सहा नोंदी. पहिली आबांची, पंचनाम्याच्या भाषेत : समक्ष पाहणी केली. डबा जागेवर. मालक हजर. हरकत नाही. खाली सही. त्याखाली मालकाचा अंगठा. शाई नव्हती, म्हणून बोटावर पेन्सिलीचं टोक घासून उमटवलेला.