शेजारचा नोड

माझ्याकडे बिटकॉइन कोअर आणि गो भाषेत लिहिलेला बीटीसीडी असे दोन नोड शेजारी-शेजारी चालतात. एक छोटी स्क्रिप्ट दोघांना शेवटच्या ब्लॉकचा हॅश विचारत राहते. दोन माइनरांना एकाच सुमारास ब्लॉक सापडला की उत्तरं थोडा वेळ वेगळी येतात; तिकडे मी लक्ष देत नाही. फरक वाढत गेला, तर मात्र हातातलं काम सोडून बघायचं.

९ ऑक्टोबर २०२२ ला ९९९ पैकी ९९८ सह्यांचा एक टॅपरूट व्यवहार ब्लॉकमध्ये आला. नियमात अगदी चोख. पण बीटीसीडीमध्ये विटनेसच्या आकारावरची टॅपरूटपूर्वीची एक मर्यादा राहून गेली होती. तो ब्लॉक त्याला वाचताच येईना. तोच कोड वापरणारे लाइटनिंगचे एलएनडी नोडही अडकले. कोअर आपला पुढे चालतच होता.

ही भीती जुनीच. दुसरं सॉफ्टवेअर नेटवर्कच्या मुळावर येईल, असं सातोशीने २०१० मध्येच म्हटलं होतं. कारण इथे कोड हाच नियम. नव्याने लिहिणाऱ्याला मूळ कोडातल्या चुकाही इमानाने उतरवाव्या लागतात. आणि त्या सगळ्या माहीत तरी कुणाला असतात? मार्च २०१३ मध्ये कोअरच्याच ०.७ आणि ०.८ या आवृत्त्यांची फारकत झाली. ०.८ मध्ये बर्कली डीबी जाऊन लेव्हलडीबी आला होता. जुन्या डेटाबेसच्या लॉकसंख्येला मर्यादा होती, ती एका मोठ्या ब्लॉकने ओलांडली. ०.७ ने तो नाकारला, ०.८ ने घेतला, चेन दुभंगली. माइनर ०.७ वर परतले तेव्हा कुठे निस्तरलं. डेटाबेसमधली एक सेटिंग चलनाचा नियम होऊन बसली होती, आणि कुणाला पत्ता नव्हता!

म्हणून एकच कोअर पुरे? सप्टेंबर २०१८ मध्ये उघड झालं, की एक तपासणी वगळल्यामुळे एकाच व्यवहारात तेच नाणं दोनदा खर्च करून हवेतून बिटकॉइन काढता आलं असतं. सुदैवाने कुणी गैरफायदा घेण्याआधी बिटकॉइन कॅशच्या एका डेव्हलपरने ते कळवलं. पण तसा ब्लॉक आला असता, तर बहुतेक सगळे कोअरच चालवत असताना हरकत घेतली असती कुणी?

माझं मत विचाराल तर माइनिंग कोअरवरच करा. पण मोठ्या रकमा स्वीकारत असाल, तर शेजारी दुसरा नोड जरूर ठेवा, आणि दोघांचं जुळेना झालं की आधी पैसे घेणं थांबवा.