तिगावची बाग आणि रोमची वाट

नागपूरहून इटारसीकडे निघालेली आगगाडी पांढुर्णे सोडते न सोडते तोच तिगाव नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. दिल्ली व चेन्नई या दोन महानगरांना जोडणाऱ्या थोर मार्गावर ते वसले आहे खरे. पण थोर गाड्या त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता निघून जातात. येथून पुढे चिचोंड्याकडे सातपुड्याचा घाट सुरू होतो व अवजड मालगाडीला मागून आणखी एक इंजिन जोडून वर ढकलावे लागते. मोटाररस्ताही याच अंगाने चढून मुलताईस जातो. मुलताई म्हणजे तापीमाईचे उगमस्थान. बाहेरच्या मनुष्यास पांढुर्णे म्हटले की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार तेवढी आठवते. हे त्या गावाचे दुर्दैवच म्हणावयाचे. आम्हांला आठवतो तो संत्र्यांचा सुगंध. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून निराळा जिल्हाही झाला. परंतु घराघरांतील बोली अद्याप आपली वऱ्हाडी वळणाची मराठीच आहे.

या गावी माझ्या पत्नीच्या बंधूंची संत्र्यांची बाग आहे. वय पन्नाशीला टेकलेले, दोन मुले शिकत असलेली, वृद्ध आई घरात. आणि अशा या गृहस्थाने मनात घेतले आहे की मोटारसायकलवरून खुष्कीच्या मार्गाने तिगावहून रोमला जावयाचे! त्यांच्या सौभाग्यवतींनी मला मुद्दाम बोलावून घेतले ते 'यांना दोन शब्द समजावून सांगा' म्हणून. मी गेलो, दोन दिवस राहिलो, त्यांची टिपणवही चाळली. आणि समजावण्याचे काम जरा निराळ्याच दिशेने झाले.

मेहुण्यांच्या योजनेतील खरी गोम ही की ते एकदम जाणार नाहीत. दरसाल एक टप्पा. गाडी जिथवर जाईल तिथवर न्यावयाची, तेथे ठेवावयाची, आपण विमानाने घरी यावयाचे, आणि पुढील वर्षी तेथूनच पुन्हा निघावयाचे. टेड सायमन नावाचा इंग्रज लेखक १९७३ मध्ये मोटारसायकलवरून निघाला तो १९७७ पर्यंत जगभर हिंडतच राहिला. एकट्या जीवाला ते शोभते. ज्याच्या मागे झाडे आहेत त्याला चार वर्षे बाहेर राहता येत नाही.

झाडांचेच पंचांग त्यांनी प्रथम मांडले, हे मला फार आवडले. संत्र्याला मुख्यतः दोन बहार. आंबिया बहाराची फुले माघाच्या सुमारास येतात व सारा उन्हाळा ओलित करावे लागते; त्या दिवसांत बाग सोडून जाणे म्हणजे फळगळीला आमंत्रण. मृग बहाराचे तसे नाही. त्याची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडावयाची आणि पुढे पाऊस येईपर्यंत झाडांना पाणी तोडून ताण द्यावयाचा. झाड तहानेने कोमेजते, पाने गाळते, आणि मृगाचा पाऊस पडताच फुलांनी भरून येते. हे ताणाचे आठ आठवडे बागेला मालकाची फारशी गरज नसते. मेहुणे मृग बहारच धरतात. तेव्हा निघावयाचे ते ईस्टर झाल्यावर आणि परतावयाचे ते पेन्टेकॉस्टला, असा त्यांनी नेम केला आहे. पवित्र सप्ताह घरी, पेन्टेकॉस्टची मिस्सा घरी. मधले सात आठवडे रस्त्यावर.

ईस्टर हा चंद्राच्या गतीने पुढेमागे होणारा सण, आणि मृग नक्षत्र सूर्याचे. दोहोंचा मेळ दरवर्षी कसा बसावा? २०२७ साली ईस्टर २८ मार्चला येतो. तोडणी आटोपलेली असेलच असे नाही. २०२८ साली मात्र ईस्टर १६ एप्रिलला, पेन्टेकॉस्ट ४ जूनला, आणि लागलीच तीन-चार दिवसांनी मृग. म्हणून २०२७ मध्ये आखूड टप्पा व २०२८ मध्ये लांबचा, असे वहीत लिहिलेले आहे. 'प्रेषितांची कृत्ये' वाचणाऱ्यांस येथे संत पौलाची आठवण व्हावी. विसाव्या अध्यायात तो बेखमीर भाकरीचे दिवस आटोपल्यावर फिलिप्पैहून निघतो आणि पेन्टेकॉस्टपर्यंत जेरुसलेम गाठण्याची त्याला घाई असते. हेच ते सात आठवडे! मी हे दाखविले तेव्हा मेहुण्यांना माझ्या येण्याचे सार्थक वाटले आणि वहिनींना ते व्यर्थ वाटले.

टप्प्याटप्प्याने खंड ओलांडणारे आपल्या ख्रिस्तसभेत पूर्वीही होऊन गेले आहेत. गोव्यात येशूसंघात प्रवेश केलेले ब्रदर बेन्तो दि गोइश १६०२ च्या अखेरीस आग्र्याहून निघाले ते जुन्या प्रवाशांनी वर्णिलेला 'कॅथे' देश म्हणजे चीनच की काय, याचा शोध घेण्यासाठी. अंगावर आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष, सोबतीला इसहाक नावाचा आर्मेनियन ख्रिस्ती. लाहोरहून तांड्याबरोबर काबूल, तेथे कित्येक महिने मुक्काम. पुढे पामीरचे पहाड ओलांडून यारकंद, तेथे पुढच्या तांड्याची वाट पाहत जवळजवळ एक वर्ष. १६०५ च्या शेवटी ते चीनच्या भिंतीआतील सूचौ नगरास पोहोचले. प्रश्नाचे उत्तर मिळाले. परंतु पेकिंगला जाण्याची परवानगी काही मिळेना. पेकिंगहून फादर मातेओ रिची यांनी पाठविलेला बंधू त्यांच्या बिछान्यापाशी येऊन पोहोचला आणि थोड्याच दिवसांनी, ११ एप्रिल १६०७ रोजी, त्यांनी देह ठेविला. त्यांचा काळ चालण्यापेक्षा थांबण्यातच अधिक गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आजचे थांबणे कागदांचे. मोटारसायकलला परदेशी न्यावयाचे तर कित्येक देशांसाठी 'कार्ने' नावाचा दस्तऐवज लागतो. तो गाडीचा पासपोर्टच समजा. गाडी त्या देशात विकली जाणार नाही, परत बाहेर नेली जाईल, याची ती हमी. आपल्याकडे तो मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनसारख्या संस्था देतात. त्यासाठी गाडीच्या किमतीच्या प्रमाणात बँकेची हमी द्यावी लागते, आणि हे प्रमाण देशागणिक निराळे असते. कार्नेची मुदत सामान्यतः एक वर्ष. आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचीही मुदत एक वर्षच. शिवाय युरोपीय संघात परदेशस्थ प्रवाशाची गाडी साधारणतः सहा महिने बिनजकात राहू शकते. आमच्या शेतकऱ्याला तर ती दहा महिने ठेवावयाची आहे! टप्प्यांच्या योजनेतील खरा घाट तो हाच. चालण्याची चिंता कोणी करू नये; ठेवण्याची करावी.

यावर मेहुण्यांनी वहीत तीन उपाय लिहिले होते : त्या देशाच्या कस्टमची रीतसर परवानगी काढून गाडी गोदामात ठेवणे, ती जहाजाने परत आणणे, अथवा पुढच्या टप्प्यासाठी तेथेच दुसरी भाड्याने घेणे. तिसरा उपाय त्यांनी खोडला होता. "भाऊजी, गाडी एकच पाहिजे, नाही तर प्रवास अखंड कसा म्हणावा?" मला हा हट्ट पटला नाही. संत पौलाने रोमला जाताना मुऱ्यास जहाज बदलले. ते मेलिता बेटाशी फुटले. हिवाळ्याचे तीन महिने त्या बेटावर काढून तो तिसऱ्याच जहाजाने निघाला. त्याचा प्रवास खंडित झाला असे कोणी म्हणत नाही. शिवाय गाडीवर एवढा जीव लावणे बरे नव्हे. मे २०२५ मध्ये मुंबईहून निघालेला एक मराठी तरुण सतरा देश ओलांडून इंग्लंडात गेला आणि ऑगस्टअखेर नॉटिंगहॅम येथे त्याची मोटारसायकलच चोरीस गेली.

आता वाट कोणती? एके काळी ही वाट सरळ होती. १९५७ साली लंडनहून कलकत्त्यास प्रवासी बस आली होती. इराण, पाकिस्तान ओलांडून. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन सैन्य शिरले, आणि तो ओघ आटला. अटारीची चौकी एप्रिल २०२५ मध्ये बंद करण्यात आली. इराणच्या आकाशात त्याच वर्षी जूनमध्ये बारा दिवस क्षेपणास्त्रे उडाली. अझरबैजानने मार्च २०२० मध्ये जमिनीवरील सीमा प्रवाशांस मिटल्या आणि ती मुदत पुन:पुन्हा वाढविली. नेपाळातून तिबेटात शिरावे तर चीनमध्ये सरकारमान्य वाटाड्या सर्व मार्गभर बरोबर हवा, तात्पुरती नंबरपाटी व परवाना हवा. हा खर्च एकट्याला पेलणारा नाही, चार-सहा जणांनी मिळूनच करावा लागतो. त्यातून रसुवागढीचा सरहद्दीवरील पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला. नकाशावर रेघ ओढणे सोपे. तीवर कोणत्या वर्षी कोण बसलेले असेल हे कोणी सांगावे? या दृष्टीने दरसाल एकेकच टप्पा ठरविणे हे भित्रेपणाचे नसून शहाणपणाचे आहे, असे माझे मत झाले.

शेवटच्या टप्प्यांविषयी मेहुणे बोलू लागले की त्यांचा आवाज बदलतो. तार्सस, मग अंत्युखिया, मग रोम. ज्या अंत्युखियात शिष्यांना प्रथम 'ख्रिस्ती' हे नाव मिळाले ते आजचे अंताक्या नगर ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले. तेथे काय पाहणार, असे मी विचारले. ते म्हणाले, "पाहणार नाही, मिस्सा ऐकीन."

मग पैशाची गोष्ट निघाली आणि ओसरी शांत झाली. बँकेच्या हमीसाठी अडकवावी लागणारी रक्कम म्हणजे चांगल्या सालाचा निम्मा बहार. वहिनींचे म्हणणे, त्या पैशात नवी बोर घ्यावी. जुनीचे पाणी खाली गेले आहे आणि मुलीचे शिक्षण दोन वर्षांवर आले आहे. यात रागाचा लवलेशही नव्हता, म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण होते. मी माझ्यापुरता हिशेब मांडला : नेपाळला भारतीय गाडीस कार्ने लागत नाही, सरहद्दीवर भन्सारचे शुल्क भरले की पुरे. पहिल्या टप्प्याला हमीची रक्कम अडकत नाही. तेव्हा २०२७ मध्ये काठमांडूपर्यंत जाऊन परत यावे. बोर आधी घ्यावी. आणि २०२८ चा विचार बोरीला पाणी किती लागते ते पाहून करावा. वहिनींनी 'बघू' म्हटले. त्यांच्या 'बघू'ला होकारार्थी वळण होते असे मेहुण्यांचे मत, माझे तसे नाही.

सासूबाई इतका वेळ जपमाळ हातात धरून ऐकत होत्या. त्यांनी विमान पाहिले आहे ते बागेवरून जाणारे. मुलाकडे पाहून त्या म्हणाल्या, "जाशीन त जाय बापा, पन झाडं सुकवून जाऊ नोको." ताण देणे म्हणजे सुकविणेच की हो, असे मेहुण्यांनी हसत म्हटले. "तान येगळा," त्या म्हणाल्या, "त्यात मालक घरी असते."

मेहुण्यांनी वही उघडली आणि काठमांडूच्या टप्प्यापुढे लिहिलेले सात आठवडे खोडून तीन केले.