अकरा गुण असून मी गप्प!

“हातात अकरा गुण, आणि तुम्ही पास म्हणालात? का? लाज वाटली की झोप लागली?”

सगळ्याजणींच्या देखत बाई मला म्हणाल्या. माझं वय अठ्ठावन्न. घरात सून आलेली, नातू शाळेत जायला लागलेला. इतक्या वर्षांत मला असं फाडकन कुणी बोललं नव्हतं. कान तापले, घसा भरून आला. “पाणी पिऊन येते हं,” म्हणत उठले आणि मोरीपाशी जाऊन पदराला डोळे पुसले.

तशी पत्त्यांना मी नवखी नव्हते. माहेरी मे महिन्याच्या सुट्टीत माजघरात मेंढीकोट आणि झब्बूचे डाव रंगायचे. लग्नानंतर पावसाळ्याच्या संध्याकाळी यांच्याबरोबर रमी. त्यात बहुतेक वेळा मीच जिंकायची! मला हवं असलेलं पान हे मुद्दाम टाकतात, हे मला फार उशिरा कळलं. तोवर आपल्याला पत्ते छान येतात, या भ्रमात मी सुखी होते.

त्याच भ्रमात मी आमच्या मंडळाच्या ब्रिजच्या वर्गाला नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. “पत्ते? या वयात?” असं हे म्हणालेच. मीही ऐकवलं, की २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या भारतीय जोडीनं ब्रिजमध्येच सुवर्णपदक मिळवलं, आणि बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते. शिवाय आमच्या टेबलावर पैशाचा संबंधच नाही. मग हे पुन्हा पेपरात डोकं घालून बसले.

ज्यांना ब्रिज ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चौघी बसतात, समोरासमोरच्या दोघी भिडू. प्रत्येकीला तेरा पानं. आपल्या मेंढीकोटासारखेच हात करायचे. पण खेळायच्या आधी बोली लावायची, की आम्ही इतके हात करू. एक्क्याला ४ गुण, राजाला ३, राणीला २, गुलामाला १. सबंध कॅटमध्ये गुण ४०. दोघी भिडूंचे मिळून २५-२६ झाले की मोठी बोली लावायची. गंमत अशी, की भिडूची पानं आपल्याला दिसत नाहीत. तिच्या हातात काय आहे ते तिच्या बोलीवरूनच ओळखायचं. खुणा नाहीत, खाकरणं नाही, भुवई उडवणंसुद्धा चालत नाही!

पहिल्याच आठवड्यात मला पहिला फटका बसला. भिडूचा हात टेबलावर उघडा मांडलेला होता आणि त्यात एका रंगाचे एक्का आणि राणी. राजा बाहेर. मी ऐटीत एक्का खेळले, मग राणी लावली, आणि राजानं ती खाल्ली. डाव संपल्यावर बाई म्हणाल्या, “एक्का राजाला धरायला असतो. तुम्ही तो दुर्रीवर उधळलात. आपल्या हातातून लहान पान लावायचं आणि डावीकडची काय टाकते ते बघायचं. तिनं राजा टाकला तर एक्क्यानं मारा, नाही टाकला तर राणी घाला. राजा तिच्याकडे असायची शक्यता निम्मी. तुम्ही ती निम्मीही घालवलीत.”

“पानंच वाईट होती हो,” मी पुटपुटले. ती पळवाटसुद्धा तिथे बंद होती! चार टेबलं मांडलेली असतात. एका टेबलावर खेळलेली पानं जशीच्या तशी खणाच्या पाटीत घालून पुढच्या टेबलावर जातात. म्हणजे त्याच पानांवर बाकीच्यांनी काय केलं ते चिठ्ठीवर लिहिलेलं येतं. नशिबाला बोल लावायची सोयच नाही.

आणि मग तो अकरा गुणांचा दिवस उजाडला. बाई माझ्या भिडू होत्या. त्यांनी बिनहुकमी एकची बोली केली, म्हणजे त्यांच्याकडे पंधरा ते सतरा गुण. माझ्याकडे अकरा. मला बेरीज आली नाही असं नाही. पण एवढी मोठी बोली मी लावायची? बुडाली तर? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. म्हटलं, पास. हात नऊ झाले, पण आमची बोली होती सातचीच. चिठ्ठी उलगडली तर बाकीच्या टेबलांवर ४००, आणि आमच्या नावापुढे १५०.

त्यानंतर दोन बुधवार मी गेले नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. तिसऱ्या बुधवारी शेजारची मैत्रीण न्यायला आली म्हणून नाइलाजानं गेले, आणि बघते तर काय, माझ्या निम्म्या वयाची एक मुलगी बाईंना सांगत होती, “बाई, तिसरी उतारी तुमची चुकली. माझी बोली तुम्ही ऐकलीच नाही.” मी श्वास रोखला. बाईंनी क्षणभर पानांकडे पाहिलं, वही काढली आणि लिहिता लिहिता म्हणाल्या, “चूक माझी. बरोबर आहे तुझं.” ना राग, ना सारवासारव. पुढचा डाव वाटलासुद्धा.

निघताना मी धीर करून विचारलं, “बाई, मला जरा हळू नाही का सांगता येणार?”

“येईल की,” त्या म्हणाल्या. “पण मग चूक तुम्हाला हळूच समजेल. अहो, तुम्ही चुकलात तर समोरच्या दोघी कशाला सांगतील? त्यांचा फायदाच आहे, त्या गोड हसतील. भिडूच सांगणार. तिची हार-जीत तुमच्याबरोबर असते. आणि दुसरं, चुकीची बोली मला चालते, पण गप्प बसणं नाही चालत. तुमच्या हातातलं तुम्ही सांगितलं नाहीत तर मला कळायचं कसं?”

शेवटचं वाक्य घरापर्यंत माझ्या मागे आलं.

कारण घरातही एक डाव चालू होता. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीच्या घरात कमरेएवढं शिरलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, पुन्हा माळ्यावर सामान चढवणं, पुन्हा चिखल उपसणं. तेव्हापासून मुलगा म्हणत होता, घर विकून पुण्याला आमच्याकडे या. हे मान डोलवत होते. मी चहा पुढे करत होते. वर्षभर ही बोलणी चालली, आणि मी काय म्हणाले? पास!

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी पान-सुपारीचा डबा बाजूला सारला आणि म्हटलं, “मला पुण्याला जायचं नाही. हे घर विकायला हरकत नाही, आता चिखल काढायची ताकद नाही माझ्यात. पण गावातच, उंचावर, वरच्या मजल्यावर लहानशी जागा बघू. माझी माणसं इथे आहेत.”

हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “मग आधी का नाही बोललीस? मला वाटलं, तुला नातवाजवळ राहायचंय. म्हणून मी हो हो करत होतो. मला तरी कुठं त्या फ्लॅटमध्ये करमणार आहे?”

म्हणजे बघा! एकाच बाजूचे दोघे भिडू, पस्तीस वर्षं समोरासमोर बसलेले, आणि एकमेकांना जपायचं म्हणून दोघंही पास म्हणत होते. रमीत मुद्दाम पान टाकण्यातलाच हा प्रकार. त्यात माया होती, हे मी नाकारत नाही. पण त्या मायेपायी आम्ही दोघांनाही नको असलेल्या घरात राहायला निघालो होतो.

मुलाला फोनवर सांगताना माझा आवाज कापला. तोही जरा दुखावला. पण सुट्टीत येऊन त्यानंच चार जागा बघितल्या, आणि एकीच्या गळक्या छताबद्दल मालकाला तोंडावर सुनावलं. माझाच मुलगा!

एक मात्र झालं. यांनाही बोलायची सवय लागली. परवा म्हणाले, “तुझ्या डिंकाच्या लाडवात जायफळ फार असतं. पहिल्यापासूनच.” पस्तीस हिवाळे मुकाट्यानं खाल्ले होते हो! मी क्षणभर फुगले, आणि दुसऱ्या घाण्याला जायफळ निम्मं केलं. खरंच बरे झाले.

पुढच्या बुधवारी बाईंना सगळी हकीकत मोठ्या उत्साहानं सांगितली. वाटलं, आज तरी शाबासकी मिळेल. बाई पानं पिसत शांतपणे ऐकत होत्या. मग माझ्यापुढे कॅट काटायला ठेवत म्हणाल्या,

“बोली बरोबर लावलीत. पण वर्षभर उशिरा. काटा.”