पहिली रांग

माउली, गाणं सुरू होण्याआधीचा वेळ तुम्ही कधी निरखून पाहिला आहे का? आपल्याकडे पखवाजाला कणीक लागते, टाळकरी टाळांचे दोर बोटांत गुंडाळतात, विणेकरी तार जुळवतो. त्या लगबगीत आपण ऐकणारेही आपोआप सावरून बसतो. आज ज्या बाईंविषयी सांगतो आहे, त्यांनी त्या वेळात काहीच केलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

त्या नीना सिमोन, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायिका. १९७६ च्या जुलैत स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रो गावी, जिनिव्हा सरोवराकाठच्या जाझ महोत्सवात त्या गायल्या. त्या मैफलीचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. (‘जाझ गायिका’ म्हटलेलं त्यांना आवडत नसे, तेवढं क्षमा करा.) त्या मंचावर येतात, कमरेतून खोल वाकतात आणि बराच वेळ तशाच राहतात. मग सरळ होऊन समोरच्यांकडे पाहत राहतात. चित्र अडकलं की काय असं वाटावं, इतका वेळ. त्या नजरेत नम्रता आहे म्हणावं, तर जाबही आहे.

पुढे एक अगदी हळुवार गाणं चाललेलं असताना श्रोत्यांत कुणीतरी उठतं. बाई थांबतात आणि तिला बसायला सांगतात. एकदा सांगून भागत नाही, पुन्हा सांगतात. मगच गाणं पुढे सरकतं. कुणी म्हणेल, हा ताठा आहे. कीर्तन रंगात आलेलं असताना चपला शोधायला उठणारी मंडळी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तरीही एखाद्या महाराजांनी असं भर सभेत बसवलं, तर आपण घरी जाताना कुरकुरतोच.

पण ह्या बाईंचं मूळ ठाऊक झालं की तो ताठा वेगळा दिसू लागतो. जन्म १९३३ चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या ट्रायॉन नावाच्या लहानशा गावातला. आई चर्चमध्ये प्रवचनं करी, लोकांच्या घरची कामंही करी. लेक लहानपणापासून प्रार्थनेला पियानो वाजवी. पुढे जाहीर वादनाचा दिवस आला. आईवडील कौतुकाने पहिल्या रांगेत बसले, तर गोऱ्या मंडळींना जागा द्यायला त्यांना उठवून मागे नेलं. पोरीने सांगितलं, ते पुढे येईपर्यंत मी वाजवणार नाही. त्यांना पुढे आणावं लागलं.

चोखोबांची समाधी पंढरीत कुठे आहे, ते तुम्हाला सांगायला नको. १९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात कशासाठी उपोषणाला बसले होते, तेही नको. म्हणून त्या दूरच्या सभागृहाकडे बोट दाखवताना माझं बोट जरा आखडतंच.

ती मुलगी कोण कुठे बसलं आहे, हे पुढे आयुष्यभर पाहत राहिली. फिलाडेल्फियाच्या नामांकित संगीतसंस्थेने १९५१ मध्ये तिला प्रवेश नाकारला. कारण रंगच, अशी तिची खात्री होती. पोटासाठी १९५४ मध्ये ती अटलांटिक सिटीतल्या मद्यालयात वाजवू-गाऊ लागली. आईच्या लेखी ते सैतानाचं संगीत. आईला कळू नये म्हणून युनिस वेमन हे नाव टाकून नीना सिमोन झाली. आपल्याकडेही तमाशाच्या फडावर गेलेल्या पोराचं नाव घरात न काढणारी घरं होती, म्हणून त्या आईचा मला राग येत नाही.

संत वगैरे मी त्यांना म्हणणार नाही. मॉन्ट्रोत त्या चिडतात, टोमणे मारतात, मध्येच हसतात. पण ज्यांना दटावलं, त्याच श्रोत्यांना शेवटाकडे आपल्याबरोबर गायलाही बोलावतात, आणि हात पियानोवर असे फिरतात की लहानपणी घोटलेला बाख ऐकू येतो.

भाषा कळली नाही तरी अडत नाही, मलाही निम्मी कळली नाही. चित्रफीत मिळाली तर सुरुवातीची ती शांतता मात्र पुढे सरकवू नका, माउली. हातातलं काम बाजूला ठेवा आणि बसा.