ऊर्ध्व दिशेची मर्यादा

‘एव्हरेस्ट’ हा २०१५ सालचा इंग्रजी चित्रपट एका वेळेभोवती गुंफलेला आहे. ती वेळ म्हणजे दुपारचे दोन. न्यूझीलंडचे गिर्यारोहक रॉब हॉल आपल्या तुकडीला निक्षून सांगतात की, शिखर अगदी समोर दिसत असले तरी दोन वाजता जो जिथे असेल, त्याने तिथूनच मागे फिरायचे. या नियमामागे साधा हिशेब आहे. ८,८४८ मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश उरतो. पाठीवरचा प्राणवायू मोजून घेतलेला असतो, दिवसाचा उजेडही मोजकाच असतो आणि जेवढे चढले तेवढे उतरायचेही असते. दोननंतर हा हिशेब जुळत नाही.

चित्रपट खऱ्या घटनेवर आधारलेला आहे. १० मे १९९६ रोजी हॉल यांची आणि अमेरिकेच्या स्कॉट फिशर यांची, अशा दोन तुकड्या दक्षिण बाजूने शिखराकडे चढत होत्या. वरच्या अवघड टप्प्यांवर दोर आधी बांधून ठेवलेले नव्हते. ते बांधले जाईपर्यंत माणसे खोळंबली, रांग लागली. दोन वाजून गेले तरी लोक वर चढतच होते. टपाल खात्यात नोकरी करणारे डग हॅन्सन चारनंतर शिखरावर पोहोचले आणि हॉल त्यांच्यासाठी थांबून राहिले. संध्याकाळी वादळ आले. त्या वादळात पर्वताच्या दोन्ही बाजू मिळून आठ जण दगावले. हॉल, फिशर आणि हॅन्सन हे तिघेही त्यांत होते. वर अडकलेले हॉल बिनतारी यंत्रावरून मायदेशी असलेल्या आपल्या गरोदर पत्नीशी शेवटचे बोलतात, होणाऱ्या बाळाचे नाव सुचवतात, तो प्रसंग पाहणे फार जड जाते.

आमच्या घरी असे चित्रपट सहसा पाहिले जात नाहीत. हा पाहिला गेला तो माझ्या पुतण्यामुळे. पुण्यात नोकरी करणारा हा मुलगा गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतले किल्ले चढतो आहे. आता त्याला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत शिक्षण घ्यायचे आहे आणि पुढे हिमालयात जायचे आहे. घरातून परवानगी मिळेना, तेव्हा त्यानेच सुचवले की, सर्वांत वाईट काय घडू शकते ते आधी पाहा आणि मग बोला. म्हणून चातुर्मासातल्या एका रविवारी माझे थोरले बंधू, वहिनी, मी आणि आमची पंच्याऐंशी वर्षांची आई टीव्हीसमोर बसलो. बालाघाटाच्या टेकड्या हेच आम्हा भूमकरांना माहीत असलेले डोंगर. बर्फ आम्ही कधी पाहिलेला नाही.

चित्रपट संपल्यावर आईने एकच प्रश्न विचारला, “अरे, त्या माणसाला ‘आता फिर’ म्हणणारं कोणी नव्हतं का?”

पुतण्या म्हणाला, “आजी, खालून सगळे सांगत होते की, एकट्याने तरी उतरून ये. पण तोवर उशीर झाला होता.”

आईचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. हॉल यांच्याविषयी त्वरेने निकाल देणे अन्यायाचे होईल. ते लोभी नव्हते. आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, याच हॅन्सन यांना त्यांनी शिखर अगदी जवळ आले असताना मागे फिरवले होते. त्या माणसाने पुन्हा पैसे जमवले, पुन्हा कष्ट केले आणि पुन्हा वर आला. त्याला दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणणे हॉल यांना जमले नाही. मर्यादा मोडली ती ममतेपोटी. आपण नेहमी समजतो की मर्यादा लोभाने मोडतात. घराघरांत, पेढ्यापेढ्यांत ती बहुतेक वेळा मायेनेच मोडते: मुलाचा हट्ट, मेव्हण्याची अडचण, जुन्या गिऱ्हाइकाची विनवणी.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. हॉल यांच्याच तुकडीतले स्टुअर्ट हचिसन, लू कासिश्के आणि जॉन टास्क हे तिघे सकाळी साडेअकराच्या सुमारास रांगेत उभे असताना हिशेब करू लागले. या गतीने दोनपर्यंत शिखर गाठता येणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि ते मागे फिरले. तेव्हा आकाश स्वच्छ होते. या मोहिमेचे शुल्क माणशी सुमारे ६५,००० डॉलर होते. ते सारे सोडून देऊन तिघे उतरले आणि जिवंत घरी गेले. चित्रपट त्यांच्याभोवती फिरत नाही. परत फिरणाऱ्यांवर चित्रपट निघत नसतात.

हे पाहताना मला श्रावकाच्या गुणव्रतांतले दिग्व्रत आठवले. पर्वत, नदी, गाव अशा ओळखीच्या खुणा धरून दाही दिशांना आपल्या येण्याजाण्याची सीमा बांधायची, असे हे व्रत. व्यापारासाठी देशोदेशी जाणाऱ्या आपल्या पूर्वजांनी ते घेतले, ते चार दिशांच्या हिशेबाने. वरची आणि खालची दिशाही त्यात आहे, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. वरची मर्यादा ओलांडणे, खालची ओलांडणे, आडवी ओलांडणे, ठरवलेले क्षेत्र वाढवून घेणे हे पहिले चार. पाचवा आहे स्मृत्यंतराधान, म्हणजे बांधलेल्या मर्यादेचा विसर पडणे.

लहानपणी पाठशाळेत हा पाचवा अतिचार मला किरकोळ वाटे. इतर चार म्हणजे उल्लंघन, हा तर नुसता विसर! एव्हरेस्टची हकिकत पाहिल्यावर त्याचे गांभीर्य कळले. त्या उंचीवर प्राणवायू कमी पडला की सर्वप्रथम बुद्धी मंदावते. पाय चालत राहतात, डोळ्यांना शिखर दिसत राहते. आपण खाली काय ठरवले होते, तेवढेच मनातून पुसट होते. म्हणजे जे मन निर्णय घेणार, तेच त्या क्षणी शाबूत नसते. म्हणून निर्णय खाली, सपाटीवर, शांत चित्ताने घेऊन ठेवायचा असतो. वरती फक्त त्याचे पालन करायचे असते.

आपल्या घरांना ही शिस्त नवी नाही. चौविहार पाळणाऱ्या दुकानदाराला रोज संध्याकाळी स्वतःची ‘दोनची वेळ’ असते. सूर्य मावळतीला आला आणि दारात मोठे गिऱ्हाईक उभे राहिले, तरी तो घराकडे निघतो. सूर्यास्ताची वेळ त्याने ठरवलेली नसते, म्हणूनच तिच्याशी घासाघीस करता येत नाही.

व्यापारातली मर्यादा मात्र आपणच ठरवतो, आणि तिथेच कसोटी लागते. आमचे वडील हंगामाच्या सुरुवातीला, कोणता माल किती ठेवायचा आणि कोणत्या भावाला सोडायचा, ते आकडे एका कागदावर लिहीत आणि तो कागद मुनीमजींच्या हाती देत. “तो भाव आला की मला आठवण करा. मी नको म्हटलं तरी पुन्हा एकदा आठवण करा,” असे त्यांचे सांगणे असे. वडिलांच्या मागे बंधूंनी तीच रीत ठेवली. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचा भाव रोज चढत होता. क्विंटलला आठ हजार झाले, तेव्हा मुनीमजी कागद घेऊन समोर उभे राहिले. बंधूंनी दोन दिवस टाळले, चिडलेही; पण अखेर माल सोडला. त्यानंतर लातूरच्या बाजारात भाव दहा हजारांच्या पुढे गेला. ते दिवस घरात फार कठीण होते. बंधू कोणाशी बोलत नसत. पुढे नवे पीक येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर घसरला आणि माल धरून बसलेल्या कित्येकांना मोठी ठोकर बसली.

भाव पडला म्हणून आमचा निर्णय योग्य ठरला, असे मी मानत नाही. भाव बारा हजार झाला असता, तरी तो निर्णय योग्यच होता. ते तिघे गिर्यारोहक उतरले आणि वादळ आलेच नसते, तरी त्यांचे परतणे शहाणपणाचेच ठरले असते. मर्यादेचे मोल परिणामावरून ठरवू लागलो की पुढच्या वेळी ती मोडायला निमित्त सापडते.

पुतण्याने एक शंका काढली. “काका, आपल्या कुंथलगिरीवरही तर मुनींनी देह ठेवला. मग डोंगरावरच्या मरणाचं एवढं भय का?”

शंका रास्त होती. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचे हे सिद्धक्षेत्र आमच्याच तालुक्यात आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी तेथेच सल्लेखनापूर्वक देह ठेवला. दृष्टी मंदावली, पावलाखालचा जीव दिसेना, मुनिधर्म निर्दोष पाळता येईना, तेव्हा त्यांनी संघाच्या साक्षीने, पूर्ण जागृतीत तो निर्णय घेतला. हिमशिखरावरच्या त्या माणसांना जगायचे होते, घरी परतायचे होते. जागृती त्यांच्याकडून हिरावून घेतली गेली. दोन्हीकडे डोंगर आहे, एवढ्यावरून ही दोन मरणे एका मापाने मोजता येत नाहीत.

ही दुर्घटना परदेशी माणसांपुरती नाही, हेही सांगायला हवे. त्याच १० मे रोजी उत्तरेकडून भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे त्सेवांग समनला, दोर्जे मोरूप आणि त्सेवांग पालजोर हे तीन लडाखी जवान वर चढत होते. संध्याकाळ होत आली तरी ते पुढे जात राहिले आणि परतले नाहीत. चित्रपटात त्यांची कथा नाही. मे २०१९ मध्ये शिखराच्या वाटेवर माणसांची मोठी रांग लागली, तेव्हा मुंबईच्या एक भगिनी आणि पुण्याचा एक तरुण उतरताना गेले. मराठी घरांतही हा चटका पोहोचलेला आहे. म्हणूनच आमच्या घरातली भीती पोकळ नव्हती.

तरीही बंधूंनी परवानगी दिली. अट एकच घातली: प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी परतीची वेळ कागदावर लिहायची, एक प्रत सोबतच्या मित्राकडे आणि एक आजीकडे ठेवायची, आणि मित्राने ‘फिर’ म्हटले की वाद न घालता फिरायचे. पुतण्याने ती मान्य केली.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला या अटीत सापडले. हॉल सर्वांच्या परतीची वेळ सांभाळत होते. त्यांची वेळ सांभाळणारा कोणी नव्हता, कारण नायक तेच होते. आपल्या पेढ्यांतून आणि कुटुंबांतूनही कर्त्या पुरुषाची स्थिती अशीच असते. तो सर्वांना मर्यादा सांगतो. त्याला कोण सांगणार? आपल्याकडे व्रत एकट्याने मनातल्या मनात घेत नाहीत. ते गुरूंच्या साक्षीने, चार माणसांत घेतात. त्यामागचे एक कारण हेच असावे की, आपल्याला विसर पडेल तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी ध्यानात ते राहावे. घरातल्या कर्त्याने असा एक माणूस निवडून ठेवावा, त्याच्या हाती आपला आकडा द्यावा, आणि तो माणूस समोर येऊन उभा राहील त्या दिवशी त्याच्यावर रागावू नये.