सोळा सेंटिमीटरची पद्मिनी

लातूर, 9 मे

भाच्याने नांदेडहून डबा पाठवला. वर चिठ्ठी : ‘मामा, प्रिंटरवर सगळे भाग काढलेत. आता बसा घासत.’ 1:24 मापाची प्रीमियर पद्मिनी. खरी गाडी सुमारे 3.9 मीटरची, म्हणून ही सोळा सेंटिमीटरची.

टपावरून बोट फिरवलं की प्रिंटरच्या थरांच्या रेघा लागतात. ओला पॉलिश पेपर, प्रायमर, पुन्हा पेपर. मे महिन्यात लातुरात स्प्रे मारायचा तर भल्या पहाटे. दुपारी रंग हवेतच सुकतो आणि रवा सांडल्यासारखा खरखरीत बसतो. आधी टपाचा पिवळा, मग त्यावर टेप लावून खालचा काळा. काळ्यावर पिवळा नीट झाकतच नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असायचा. तो टाचणी वाकवून केला. आजवरचं माझं सगळ्यात देखणं काम तेच, असं मला वाटतं. घरच्यांना ते दिसतही नाही!

ही काळी-पिवळी टॅक्सी मुंबईची, कारखाना कुर्ल्याचा. पण कंपनी काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. ही गाडी फियाट 1100 म्हणून कुर्ल्यात आधीपासून बनत होतीच, ‘पद्मिनी’ नाव 1974 पासूनचं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरताच 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली.

कुणाला हा नाद करायचाच असेल तर घासकाम खुशाल उन्हाळ्यात उरका. रंगाला मात्र नोव्हेंबरातच हात घाला.