कागदपत्रं कॉम्प्युटरमध्ये आहेत, पण कशावर?

31 ऑगस्ट 2019 रोजी आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी जाहीर झाली आणि 19 लाखांहून अधिक माणसं तिच्याबाहेर राहिली. त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकत्व सुधारणा कायदा संमत झाला. त्या हिवाळ्यात आपल्याकडेही अनेक मुस्लिम घरांत पलंगाखालच्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. आजोबांचा शाळेचा दाखला, सातबारा, निकाहनामा, जुनं रेशनकार्ड बाहेर आलं. एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर 'शेक'. कुठे 'महंमद', कुठे 'मोहम्मद'. मग प्रतिज्ञापत्रं आणि दुरुस्त्यांची धावपळ झाली. तिच्यासोबत एक शहाणपणाचं कामही झालं: कागद स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवले गेले.

आमच्या घरीही तसा फोल्डर आहे. त्यात कागदपत्रांशिवाय दादीच्या आवाजातली हळदीची गाणी आणि दखनी म्हणी आहेत. दाखल्याची नक्कल पुन्हा काढता येते. दादी आता नाहीत, त्यामुळे तो आवाज दुसऱ्यांदा मिळणार नाही.

थोडंफार कळतं म्हणून मोहल्ल्यातले लोक मला कॉम्प्युटर दाखवायला बोलावतात. एका चाचांनी विचारलं होतं, "बेटा, ये डबा बंद पडा तो कागदां भी गये क्या?" उत्तर देण्याआधी डब्यात काय बसवलंय ते बघावं लागतं.

साठवणीचे मुख्य प्रकार दोन. जुनी हार्ड डिस्क म्हणजे आत फिरणाऱ्या चकत्या. घरगुती यंत्रांत त्या बहुधा मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावर केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगतं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. माहिती चिपमध्ये विजेच्या भाराच्या रूपात राहते. म्हणून ती वेगवान असते, आवाज करत नाही आणि धक्क्याला सहसा दाद देत नाही.

ओळखण्यासाठी स्क्रू काढायची गरज नाही. विंडोज 10 किंवा 11 असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. 'परफॉर्मन्स'मध्ये गेलं की डाव्या बाजूला डिस्क 0, डिस्क 1 अशी नावं दिसतात आणि त्यांच्याखाली एचडीडी की एसएसडी ते लिहिलेलं असतं. तिथे लिहिलेलं नसेल तर स्टार्टमध्ये 'डीफ्रॅगमेंट' असं इंग्रजीत टाइप करा. उघडलेल्या खिडकीत 'मीडिया टाइप'च्या रकान्यात उत्तर मिळतं. डिस्कवर क्लिक केल्यावर दिसणारा मॉडेल नंबर इंटरनेटवर शोधला की खात्रीच होते. यूएसबीने बाहेरून जोडलेल्या डिस्कचा प्रकार मात्र कॉम्प्युटर कधीकधी चुकीचा सांगतो. तिथे मॉडेल नंबरावरच विसंबावं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती दोन्ही प्रकार एकत्र असलेल्या यंत्रांची. डेस्कटॉप मंद झाला की दुकानदार त्यात छोटी एसएसडी बसवून देतो. विंडोज तिच्यावर जातं, म्हणजे सी ड्राइव्ह नवी होते. जुनी हार्ड डिस्क डी ड्राइव्ह म्हणून आतच राहते. यंत्र झटपट सुरू होतं आणि घरच्यांना वाटतं, सगळंच नवं झालं. पण फोटो, स्कॅन, लग्नाचे व्हिडिओ डीवर असतात, म्हणजे दहा-बारा वर्षं फिरून दमलेल्या चकत्यांवर. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये नुसतं 'एसएसडी' दिसलं म्हणून थांबू नका. कंसात कोणतं अक्षर आहे ते बघा आणि तुमचा फोल्डर त्याच अक्षरात आहे का, तेही बघा.

दोन्हींचं मरणही वेगळं असतं. हार्ड डिस्क बऱ्याचदा आधी कुरकुरते: टक्-टक् आवाज, फाइल उघडायला लागणारा वेळ. असा आवाज आला तर पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. यंत्र बंद करा आणि जाणकाराकडे न्या. तिच्यावरून चुकून पुसलेलं बरंचसं परत मिळू शकतं, जोवर त्या जागी दुसरं काही लिहिलं गेलेलं नाही. एसएसडी अनेकदा काहीच न सांगता जाते. शिवाय पुसलेल्या फाइलची जागा ती स्वतःच साफ करते, त्यामुळे तिच्यावरून पुसलेलं परत मिळण्याची आशा फार कमी. वीज न देता कपाटात वर्षानुवर्षं ठेवायलाही ती योग्य नाही, कारण चिपमधला भार हळूहळू ओसरतो.

काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी नावाची तिसरी तऱ्हा असते. ती चिप थेट मदरबोर्डवर डाकलेली असते. टास्क मॅनेजर तिलाही एसएसडी म्हणू शकतो, पण बोर्ड गेला तर ती काढून दुसऱ्या यंत्राला लावता येत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी जुना लॅपटॉप घेताना हे आधीच विचारून घ्यावं.

चाचांच्या यंत्रात फोल्डर डीवर होता, आणि डी जुनी हार्ड डिस्क होती. आम्ही त्याच दिवशी एक प्रत एसएसडीवर उतरवली आणि दुसरी बाहेरच्या नव्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क आता त्यांच्या मुलीच्या सासरी असते, म्हणजे एका घरात पाणी शिरलं किंवा चोरी झाली तरी दुसरी प्रत राहील. दर ईदला मुलगी माहेरी येताना डिस्क घेऊन येते, फाइली उघडून बघतात, नवे कागद घालतात. मूळ कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून पेटीत परत ठेवलेत, कारण कचेरीत साहेब शेवटी अस्सलच मागतो.